वाढीव ताकद, वीस टक्के इथेनॉल आणि मारेगावचा उन्हाळा

वणीहून करंजीकडे जाणारा रस्ता मारेगावातून जातो आणि पुढे करंजीला नागपूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो. तालुक्याच्या गावांत चारचाकी म्हणजे जीप किंवा पांढरी डिझेल गाडी, हे चित्र आता जुने झाले. गेल्या दहा-बारा वर्षांत लहान टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या सगळीकडे पोहोचल्या. त्यांतल्या बऱ्याच पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातून येतात. गाडी हाती आली की दोन-चार महिन्यांत ‘पिकअप’ वाढवण्याची गोष्ट निघते. लॅपटॉप जोडला, तासाभरात सॉफ्टवेअर बदलले, की इंजिनाची ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते, अशी जाहिरात मोबाइलवर रोज दिसते.

हा दावा सरसकट खोटा नाही. चाकणच्या कारखान्यात २०२० पर्यंत बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचे उदाहरण घेता येईल. तिच्या १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची कंपनीने सांगितलेली ताकद १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. टर्बो किती दाबाने हवा आत ढकलणार आणि ठिणगी कधी पडणार, हे गाडीचा संगणक ठरवतो. कंपनीने त्यात मुद्दाम राखीव जागा सोडलेली असते. खराब पेट्रोल, कडक ऊन, घाटातला चढ आणि वेळेवर ऑइल न बदलणारा मालक, या सगळ्यांना पुरून उरावी अशी ती जागा. रीमॅप करणारा ट्यूनर याच शिलकीतून ताकद काढून देतो. त्यामुळे मारेगावात गाडी चालवणाऱ्याला ही शिल्लक कशासाठी लागते, याचा हिशेब आधी केलेला बरा.

पहिला हिशेब पेट्रोलचा. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. मूळ लक्ष्य २०३० चे होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. त्यावर गेल्या वर्षी मोठा वाद झाला. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. चर्चा मायलेजभोवतीच फिरत राहिली. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला होता. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे लक्षात घेतले तर तो आकडा कुणालाही मांडता येतो.

ताकद वाढवू पाहणाऱ्यासाठी मात्र इथेनॉल शत्रू नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वर, १०८ च्या आसपास आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार बीएस-६ पेट्रोलचा ९१ असलेला ऑक्टेन अंक ई-२० मुळे ९५ पर्यंत गेला. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे सिलिंडरमधली हवा थंड राहते. परदेशात शर्यतीच्या गाड्या बांधणारे लोक ८५ टक्के इथेनॉलचे इंधन मुद्दाम शोधून भरतात ते यासाठीच.

अडचण प्रमाणाची आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. ई-२० साठी हा आकडा साधारण साडेतेरा येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजिनाला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. मूळ स्थितीतल्या गाडीला हे जमते, कारण पंपात आणि इंजेक्टरमध्ये तेवढी सवड असते. रीमॅपमध्ये हवेचा दाब वाढला की ती सवड आधीच वापरली जाते. त्यात फाइल युरोपात ५ ते १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तयार झालेली असेल, तर पाय पूर्ण दाबल्यावर नेमके इंधन कमी पडते. हवा जास्त, इंधन कमी, दाब पूर्ण. पिस्टन वितळण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. इंजिन उघडल्यावर दोष ई-२० ला दिला जातो. खरे तर दोष इथल्या पेट्रोलवर कधी तपासलीच न गेलेल्या फाइलचा असतो. हाच प्रकार १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या फाइलींचा. ते पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळते.

दुसरा हिशेब उन्हाचा. मे महिन्यात वणी-मारेगाव पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे श्वासागणिक तेवढा प्राणवायू कमी. टर्बो ही तूट जास्त फिरून भरून काढू पाहतो, त्यातून हवा आणखी तापते. तापलेल्या हवेत पेट्रोलचे मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर भलत्या कोपऱ्यात पेट घेते आणि इंजिनातून खडखड ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. गाडीचा सेन्सर ती ओळखतो आणि संगणक ठिणगी मागे ओढून ताकद कमी करतो. पुण्यात जानेवारीच्या सकाळी डायनोच्या रुळांवर मिळालेला आकडा मारेगावच्या दुपारी मुळात मिळतच नाही. पैसे मात्र त्या आकड्याचे दिलेले असतात.

म्हणून विदर्भातल्या गाडीसाठी पहिला खर्च ताकदीचा नसून थंडाव्याचा असायला हवा. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा मोठा आणि चांगल्या बनावटीचा इंटरकूलर, स्वच्छ रेडिएटर, योग्य प्रमाणातले कूलंट, वेळेत बदललेले ऑइल. हे दिसायला काहीच नाही. मित्रांना बोनेट उघडून दाखवावे असे यात थोडेच आहे. पण नुसता इंटरकूलर बदललेली, बाकी मूळ असलेली गाडी दुपारी तीन वाजता जो पिकअप टिकवून धरते, तो रीमॅप केलेल्या पण मूळ इंटरकूलरच्या गाडीला तिसऱ्या ओव्हरटेकनंतर जमत नाही.

ऑइलबद्दल एक गोष्ट गॅरेजमध्ये फारशी सांगितली जात नाही. लहान, थेट इंधन सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जास्त भार पडला की ठिणगीआधीच स्फोट होण्याचा एक प्रकार आढळतो. एकाच झटक्यात पिस्टन तुटू शकतो. तो रोखण्यासाठी २०२० पासून ‘एपीआय एसपी’ दर्जाची ऑइले आली. रीमॅप नेमका याच पट्ट्यात, दीड-दोन हजार फेऱ्यांवर, टॉर्क वाढवतो. डब्यावरचा हा दर्जा वाचायला खर्च येत नाही.

धुळीचा विचार याच्याच जोडीला हवा. मूळ कागदी फिल्टर काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवणे हा सर्वांत लोकप्रिय आणि या भागासाठी सर्वांत निरुपयोगी बदल आहे. बोनेटखाली उघडा असलेला फिल्टर इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. जाळी जितकी मोकळी तितकी बारीक माती आत जाण्याची शक्यता जास्त. कपाशीच्या शिवारातले कच्चे रस्ते आणि वणीकडची कोळशाची वाहतूक पाहता त्या मातीचे काय होते, हे सांगायला नको. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते. त्याच्यासाठी ही धूळ पॉलिश पेपरसारखी असते. सिटीसारखा येणारा आवाज सोडला तर या बदलातून मिळणारी ताकद नगण्य असते.

गिअरबॉक्सचा मुद्दा जाहिरातीत येत नाही. पोलो जीटीच्या त्याच इंजिनाला जोडलेला सात गिअरचा कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. इंजिन १७५ वरून २३०-२४० वर नेले की मर्यादेला हात लागतोच. कुठल्याही गाडीत हे पाहावे लागते: इंजिन किती देऊ शकते यापेक्षा त्याच्या मागचा सर्वांत कच्चा दुवा किती सोसू शकतो.

आणि ब्रेक. ताशी ८० ऐवजी १२० च्या वेगाने चालणाऱ्या गाडीत थांबवायची ऊर्जा दीडपट नसून सव्वादोनपट असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शिरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलायला लागणारा खर्च कुठल्याही रीमॅपच्या तुलनेत किरकोळ आहे. टायरचेही तसेच. समृद्धी महामार्गावर अपघातांनंतर परिवहन विभागाला गाड्या अडवून टायर तपासावे लागले, ते झिजलेले टायर तापल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने फुटतात म्हणूनच. जास्त ताकदीची गाडी रस्त्याला धरून ठेवतात ते हाताच्या तळव्याएवढे चार रबरी तुकडेच. पहिला रुपया तिथेच जायला हवा.

इथवरचे नुकसान मालकाचे. सायलेन्सरपाशी आल्यावर ते शेजाऱ्यांचे होते.

‘स्टेज टू’ या नावाने जे विकले जाते त्यात बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ नळी बसवणे असते. ‘स्टेज’ला कुठलेही प्रमाण नाही, ते विक्रेत्यांनी पाडलेले नाव आहे. कन्व्हर्टर म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारख्या भोकांचा ठोकळा. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर असतो. तो साधारण ३०० अंशांच्या वर तापला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे, या तिन्हींचा ९० टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी वायूंत बदलतो. आधुनिक टर्बो गाडीत तो काढून मिळणारी ताकद थोडी आणि हवेत सोडला जाणारा माल मात्र दहापट.

त्या मालाचे आरोग्याच्या भाषेत काय होते? कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हायड्रोकार्बनमध्ये बेंझिन असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेले आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन कडक उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दम्याच्या रुग्णाला सर्वांत आधी जाणवतो. विदर्भात कडक ऊन फुकट मिळते. इथेनॉलने यात भर घातली आहे: ते जळताना अ‍ॅसिटाल्डिहाइड जास्त तयार होते. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत त्याचा बराचसा भाग तिथेच संपतो. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीत तो थेट बाहेर पडतो. नळी सुटते त्या उंचीवर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या लहान मुलाचे नाक असते.

पाय उचलल्यावर फटफट आवाज काढणारी ‘पॉप्स’ फाइल हा याचा पुढचा प्रकार. पाय सोडला की इंजिनाला इंधन लागत नाही, ते बंद व्हायला हवे. या फाइलमध्ये मुद्दाम इंधन सोडून ठिणगी इतकी उशिरा पाडली जाते की स्फोट इंजिनात न होता नळीत होतो. बुलेटच्या फटाक्यांचीच ही चारचाकी आवृत्ती. कन्व्हर्टर जागेवर असेल तर त्याचा ठोकळा वितळतो. टर्बोचेही आयुष्य घटते. ताकद शून्याने वाढते.

नव्या मोटारीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ७४ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित बेरजेचे नाही, दर दहा डेसिबलला ध्वनिऊर्जा दहापट होते. मोकळ्या नळीची गाडी ९४ वर गेली तर ऊर्जा शंभरपट झाली. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. युरोपातल्या रस्त्यांच्या आवाजावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एकट्या पश्चिम युरोपात दरवर्षी निदान दहा लाख निरोगी आयुष्यवर्षे वाहनांच्या आवाजामुळे वाया जातात. त्यातला मोठा वाटा मोडलेल्या झोपेचा आणि त्यातून येणाऱ्या हृदयविकाराचा आहे. बहिरेपणा फार पुढचा. रात्री अकराला गावातून गेलेली एक गाडी चार सेकंदांत निघून जाते, पण झोपेतल्या माणसाचा रक्तदाब त्या चार सेकंदांत वर चढतो. त्याला सकाळी ते आठवतही नाही.

कायदा याबाबत कडक आहे आणि तरीही दुबळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाज आणि धुराच्या उल्लंघनासाठी कलम १९० मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गंडांतर आहे. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण रोडरोलरखाली जातो तो कानाला ऐकू येणारा गुन्हा. सॉफ्टवेअर ऐकू येत नाही. पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उभ्या गाडीवर मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. कन्व्हर्टर काढल्यावर डॅशबोर्डवर पेटणारा इंजिनाचा दिवा त्याच फाइलमध्ये विझवून दिला जातो. म्हणजे कायद्याने जी गोष्ट पूर्ण बंद आहे ती व्यवहारात पूर्ण मोकळी आहे, फक्त आवाज झाला तर पकडली जाते. याचा उलटा परिणाम असा की इंटरकूलर बसवणारा सावध मालक आणि कन्व्हर्टर उपटणारा बेफिकीर मालक कायद्याच्या नजरेत जवळजवळ सारखेच ठरतात. विमा कंपनीलाही दोघांचा दावा अडवायला तेच कारण पुरते.

दुसरीकडे हे वेगळे केलेले आहे. जर्मनीत सुटा भाग किंवा रीमॅप तपासणी संस्थेकडून प्रमाणित करून गाडीच्या कागदांत नोंदवता येतो. कॅलिफोर्नियात प्रदूषणाची चाचणी पार केलेल्या भागाला सरकारी आदेश क्रमांक मिळतो आणि तो बोनेटखाली चिकटवलेला असतो. जुलै २०२१ पासून तिथली धूर तपासणी गाडीचे सॉफ्टवेअर मूळचे किंवा मान्यताप्राप्त आहे का, हेही पाहते. सक्तीमागे कारण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा लोकांनी काढून टाकली होती.

भारतात असे काही उभारणे अशक्य नाही. सीएनजी किटला हीच वाट आहे: किट मान्यताप्राप्त, बसवणारा अधिकृत, आरटीओकडे नोंद. पुण्यात १९६६ पासून काम करणारी ‘एआरएआय’ ही संस्था गाड्या आणि इंधनांची चाचणी करतेच, ई-२० च्या चाचण्यांतही ती होती. इथल्या पेट्रोलवर, ४५ अंशांच्या हवेत, कन्व्हर्टर जागेवर ठेवून तपासलेल्या मोजक्या फाइलींना मान्यता देणे आणि त्याबाहेरचे सॉफ्टवेअर पीयूसीच्या वेळी ओळखणे, ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच उपयोग. नुसती मान्यता दिली तर तिच्या आडून सगळे खपेल, नुसती बंदी ठेवली तर आजच्यासारखेच चालेल.

तोवर जुन्या बाजारातून टर्बो गाडी घेणाऱ्याला स्वतःच पाहावे लागेल. सकाळी थंड इंजिन सुरू करून मागे उभे राहावे. कन्व्हर्टर असलेल्या गाडीचा धूर दोन-तीन मिनिटांत जवळजवळ वास सोडून देतो, नसलेल्या गाडीचा डोळ्यांत झोंबतच राहतो. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर पेटून विझायला हवा. पेटलाच नाही तर तो बंद केलेला आहे. गाडी लिफ्टवर घेऊन नळीवर वेल्डिंगच्या ताज्या खुणा शोधाव्यात. मिस्त्रीकडे साधा स्कॅनर असेल तर कन्व्हर्टरची स्वयंतपासणी ‘पूर्ण’ दाखवते की ‘उपलब्ध नाही’ हे एका मिनिटात कळते. आणि गाडी रीमॅप केलेली निघाली तर मूळ फाइल परत बसवून देण्याची अट सौद्यातच घालावी, किंमत ठरण्याच्या आधी.